शुगरवाल्यांच्या परिषदा, मेळावे, संस्था: पेशंटला काय मिळतं? (नागपूर)

त्रिमूर्तीनगरचे काका:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबर जवळ आला की आपल्या नागपुरात डायबेटिसचे बोर्ड लागायला सुरुवात होते. १४ तारखेला जागतिक मधुमेह दिन, त्याच्या मागेपुढे शिबिरं, वॉकेथॉन, मोठ्या हॉटेलात डॉक्टरांची परिषद, पेपरात फोटो. मी टाइप टू वाला, गोळ्या आणि रात्रीचं एक इन्सुलिन, बरीच वर्षं झाली आता. प्रश्न असा की या परिषदांमध्ये आपल्यासारख्याला जाता येतं का, गेलं तर काही उपयोग होतो का, आणि शहरात पेशंटच्या पाठीशी खरंच उभी राहणारी संस्था कोणती? माझं मत सरळ सांगतो, हे सगळं आपल्या नावावर होतं, आपल्यासाठी होत नाही. कोणाचा अनुभव वेगळा असेल तर लिहा, मला पटवा.

तर्रीबाज:
काका उपयोग आहे न. मागे एका मधुमेह मेळाव्यात गेलो होतो, आधी शुगर मोजली, मग भाषण, मग नाश्त्याला आलूपोहे वर शेव आणि साखरेचा चहा. जेवण झाल्यावर परत मोजायला पाहिजे होती, पण यंत्र आवरून ठेवलं होतं त्यांनी 😀

मानेवाड्याची मीनल:
तर्रीबाज भाऊ, तुम्हाला पोहे तरी मिळाले. आमच्या कॉलनीत फुकट तपासणीचं शिबिर होतं, सासूबाईंना घेऊन गेले. बोट टोचलं, २६० आली, कार्डावर लिहिली आणि पुढच्या टेबलावर पाठवलं. मला वाटलं तिथे डॉक्टर असतील, तर तिथे एक मुलगा बसलेला, त्याच्याकडे कसलं तरी पावडरचं पाकीट, म्हणे रोज सकाळी कोमट पाण्यात घ्या, तीन महिन्यांचा कोर्स घेतला तर डिस्काउंट. जेवून किती वेळ झाला हे कोणी विचारलंच नाही, आधी कोणत्या गोळ्या चालू आहेत तेही नाही. सासूबाईंचा मात्र त्या मुलावर इतका विश्वास बसला की घरी येऊन मलाच सांगतात, डॉक्टरच्या गोळ्या गरम पडतात. त्या दिवसापासून फुकट शिबिर म्हटलं की मला घाबरायला होतं.

इतवारीवाला:
+१. फुकट काहीच नसते बे.

सीताबर्डीचा फिजिशियन:
काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, मी डॉक्टर आहे, नाव लिहीत नाही.

मेळावा आणि परिषद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, धाग्यात त्या एकत्र होऊन राहिल्या. परिषद डॉक्टरांच्या अभ्यासासाठी असते. आरएसएसडीआय नावाची देशातली मोठी संघटना आहे, १९७२ पासूनची, मधुमेहावर संशोधन करणारे आणि उपचार करणारे डॉक्टर तिचे सभासद. तिची वार्षिक परिषद दरवर्षी वेगळ्या शहरात भरते, राज्यांच्या शाखांच्या वेगळ्या होतात. नागपुरात हॅलो डायबेटिस होतं, तेही मुख्यतः डॉक्टरांचंच. आम्हाला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते अशा ठिकाणी मिळतात. तिथे चर्चा कशाची होते तर किडनी बिघडलेल्या पेशंटला कोणती गोळी बंद करायची, नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये हृदयाचं काय झालं वगैरे. पेशंट येऊन बसला तर अर्ध्या तासात झोपेल. आम्हीपण झोपतो, ते सोडा.

दुसरं म्हणजे हॉलबाहेर कंपन्यांचे स्टॉल असतात. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात सामान्य लोकांपुढे करायची नसते, म्हणून तिथे पेशंटला सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे असं माझं मत. तुमचा फायदा परिषदेतून होतो, पण आडून होतो. डॉक्टर नवीन शिकून आला तर तुमची चिठ्ठी बदलते.

त्रिमूर्तीनगरचे काका:
डॉक्टरसाहेब सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. पण चिठ्ठी बदलते तेव्हा ती का बदलली हे सांगायला वेळ कोणाकडे असतो? बाहेर चाळीस लोक बसलेले, आत पाच मिनिटं. मला परिषदेचं ज्ञान नको, त्यातलं माझ्या वाट्याचं पाहिजे.

इन्सुलिनवाली:
मी टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतच नाही, लहानपणापासून. डॉक्टरांशी अर्ध सहमत, अर्ध नाही.

पेशंट झोपेल हे टाइप टू वाल्या काकांबद्दल असू शकतं (काका, राग मानू नका), आमच्याबद्दल नाही. दिवसातून चार वेळा टोचून घेणारी पोट्टी झोपत नसते, तिला कार्ब्स मोजता येतात, तिला बेसल-बोलस, म्हणजे दिवसभराचं इन्सुलिन वेगळं आणि जेवणाचं वेगळं, हे कळतं. बाहेर देशात हे झालेलं आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटना, म्हणजे आयडीएफ, तिच्या जागतिक काँग्रेसमध्ये डायबेटिससोबत जगणाऱ्यांचं वेगळं सत्र ठेवलं गेलेलं आहे, तिथे स्टेजवर बोलणारे पेशंटच. डीडॉक म्हणून एक गट आहे, तो मोठ्या परिषदांना डायबेटिस असलेल्यांना पाठवतो आणि ते तिथलं ऐकून आपापल्या भाषेत बाकीच्यांना सांगतात. त्यांचं म्हणणं एवढंच की आमच्याबद्दल जे ठरतं ते आमच्याशिवाय ठरवू नका. स्टॉलचा नियम तिथेही आहे, त्यातून वाट काढतातच न.

आता नागपूर. काका तुम्ही विचारलं पाठीशी उभी राहणारी संस्था कोणती. धंतोलीतला ड्रीम ट्रस्ट, डॉ. शरद पेंडसे यांचा. गरीब घरातल्या टाइप वन मुलांना इन्सुलिन, सिरिंज, पट्ट्या आणि सोबत शिकवणी, की कसं टोचायचं, किती टोचायचं, शुगर लो झाली तर काय करायचं. मुलींकडे जास्त लक्ष, कारण घरात पैसे कमी पडले की आधी मुलीचं इन्सुलिन कमी होतं, हे कटू आहे पण खरं आहे. विदर्भातल्या खेड्यापाड्यातली मुलं तिथपर्यंत येतात. पुण्यातून सुरू झालेलं ब्लू सर्कल डायबेटिस फाउंडेशन आहे, ते तर पेशंटनीच चालवलेलं, ऑनलाइन जोडता येतं.

या सगळ्यात मला सगळ्यात मोठं काय मिळालं सांगू? दुसरी टाइप वन मुलगी. कॉलेजला असताना एका भेटीत माझ्याच वयाची एकजण ओढणीच्या आडोशाला न जाता सगळ्यांसमोर पोटात टोचून मोकळी झाली आणि पुढे बोलत राहिली. घरी मला मावशी यायच्या वेळेला आतल्या खोलीत पाठवायचे. कोणत्याही डॉक्टरने कितीही समजावलं असतं तरी ते माझ्या डोक्यातून गेलं नसतं.

मानेवाड्याची मीनल:
@इन्सुलिनवाली, वाचून अंगावर आलं ग. लिहीत राहा.

वर्धारोडची आई:
मी इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझ्या मुलाला, वय ९, उन्हाळ्यात टाइप वन निघाला. खूप पाणी प्यायचा, रात्री उठून उठून लघवीला जायचा, एकदोनदा अंथरुणातच झाली, वजन उतरलं, आम्हाला वाटलं नागपूरचा उन्हाळा आहे, पाणी पिणारच. मग उलट्या, श्वास जोरात, आणि आयसीयू. आता बरा आहे. पण शाळेत कसं पाठवायचं हे कळत नाही. मॅडम म्हणतात वर्गात खाऊ चालणार नाही, नियम आहे. घरचे म्हणतात कोणाला सांगू नका, पुढे त्रास होईल. मी रोज दुपारी शाळेच्या गेटवर जाऊन बसते. या मेळाव्यांत लहान मुलांबद्दल कोणी बोलतं का?

इन्सुलिनवाली:
ताई आधी हे वाचा. शाळा सीबीएसईची असेल तर बोर्डाने २०१७ मध्येच परिपत्रक काढलंय, टाइप वन मुलांना परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा खायचं आणि पाण्याची बाटली न्यायची परवानगी आहे. परीक्षेत चालतं तर वर्गात का नाही, असं विचारा. त्याची प्रिंट आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, वर्गशिक्षिकेशी वाद घालू नका, तिच्या हातात काही नसतं. आणि लपवू नका. बाजूला बसणाऱ्या पोराला माहीत असलं पाहिजे की हा घामाघूम झाला, थरथरला, उगाच रडायला लागला तर त्याला ग्लुकोज द्यायचं आणि मॅडमना बोलवायचं. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायची. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. हे शाळेच्या ऑफिसात कागदावर लिहून चिकटवा.

सीताबर्डीचा फिजिशियन:
वरचं सगळं बरोबर. अजून एक, ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्या सगळ्यांसाठी. भरपूर पाणी, भरपूर लघवी, वजन कमी, आणि पूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, तर त्याच दिवशी बोट टोचून शुगर बघा. उन्हाळा, जंत, दात, नजर यावर ढकलू नका. दोन मिनिटांचं काम आहे.

महालचा मेडिकलवाला:
औषधाचं दुकान आहे माझं, या विषयावर मेळाव्यात कोणी बोलत नाही म्हणून इथं सांगून राहिलो. इन्सुलिनची बाटली आपल्याकडे बहुतेक चाळीस युनिटवाली येते, तिला लाल टोपीची सिरिंज. शंभर युनिटवाल्याला केशरी टोपीची. दोन्ही दिसायला सारख्या, आणि माणूस घाईत असला की जी मिळेल ती घेऊन जातो. चाळीसच्या बाटलीतून केशरी सिरिंजने २० च्या रेषेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ८ युनिटच जातात, आणि मग डॉक्टरकडे जाऊन म्हणतात इन्सुलिन काम नाही करत, डोस वाढवतात. उलटं केलं, म्हणजे शंभरवाल्यातून लाल सिरिंजने २० ओढले, तर ५० युनिट गेले. माणूस झोपेतून उठणार नाही. दुकानात पोरगं नवीन असेल तर स्वतः टोपीचा रंग बघून घ्या, बाटलीवर किती लिहिलंय ते वाचा. एवढं एक जरी कोणी स्टेजवरून सांगितलं न, तर हजारो रुपयांचे हारतुरे वसूल.

त्रिमूर्तीनगरचे काका:
बापरे. मी आत्ता उठून बघून आलो. लाल आहे, बाटली ४०.

उमरेडचा गणेश:
मेडिकलवाले भाऊ, आमच्या मायले सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आहे. आमच्याकडे मे महिन्यात दिवसभर लाइन जाते, फ्रिज असून नसल्यासारखा. बाटली खराब होते काय? डॉक्टरले विचारलं तर म्हणे फ्रिजमध्ये ठेवा. अजी लाइन नाही म्हणून तर विचारून राहिलो न.

महालचा मेडिकलवाला:
गणेश भाऊ, न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीत ठेवायची, म्हणून जास्त साठा घरी करू नका, महिन्याचं महिन्याला न्या. उघडलेली बाटली २५-३० डिग्रीच्या आत साधारण चार आठवडे चालते. पण आपल्याकडे मे मध्ये घरातच चाळीस. तर मातीचा माठ. बाटली प्लास्टिकच्या डब्यात बंद करायची, डबा माठात ठेवायचा, माठाला ओलं फडकं, आणि माठ सावलीत जिथं हवा लागते तिथं. पाणी झिरपते तसं आतलं तापमान उतरते. यावर रीतसर मोजमाप झालेलं आहे, देशोदेशीची मडकी घेऊन. आणि फ्रिज चालू असला तरी बर्फाच्या खणात ठेवू नका, गोठलं की फेकायचं, वितळलं तरी वापरायचं नाही. गाडीच्या डिकीत तर बिलकुल नाही.

उमरेडचा गणेश:
लय झालं भाऊ. माठ तर हायेच. नवीन आणायचं कामच नाही.

निसर्गोपचार_सर्वोत्तम:
एवढं सगळं टोचून घ्यायची गरजच नाही. जांभळाच्या बिया, कारलं, मेथी आणि आमचा काढा. ४५ दिवसांत मधुमेह मुळापासून जातो, इन्सुलिन सुटतं, टाइप वनसुद्धा. संपर्कासाठी (नंबर काढला आहे – संपादक)

इन्सुलिनवाली:
आला का हा. दर धाग्यावर येतो. दादा, टाइप वनमध्ये शरीर इन्सुलिन बनवणंच बंद करतं. तुमच्या भरवशावर त्या नऊ वर्षांच्या पोराचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत तो परत आयसीयूत. वर त्याची आई वाचतेय, जरा तरी विचार करा.

निवृत्त बँकर धरमपेठ:
शिवाय कायद्याने गुन्हा आहे. औषधी व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) कायदा, १९५४ चा. त्याच्या यादीत डायबेटिस आहे, म्हणजे मी हा आजार बरा करतो अशी जाहिरात करताच येत नाही. मेथी-कारल्याची भाजी खा, कोणी अडवलं नाही. वर मीनलताईंनी पावडरवाल्याचं लिहिलं, ते कार्ड आणि पाकीट जपून ठेवलं असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

आता मूळ विषयावर दोन शब्द, दोनाचे वीस झाले तर सांभाळून घ्या. २०२३ साली आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा अभ्यास छापून आला, त्यात देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असा अंदाज निघाला. एवढ्या लोकांना ट्रस्ट आणि मेळावे पुरणार नाहीत, हे गणित बँकेतल्या शिपायालाही जमेल. पेशंटची संस्था ही कल्पना आपल्याकडे नवी नाही, मुंबईची डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया १९५५ ची आहे, पण ती मुंबईत राहिली. सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्यातून सरकारी दवाखान्यांत असंसर्गजन्य आजारांची ओपीडी सुरू झाली, तिशी ओलांडलेल्यांची तपासणी उपकेंद्रापर्यंत गेली. तिथे गर्दी असते, खुर्ची मोडकी असते, पण पावडर कोणी विकत नाही. आणि मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत पेशंटला सगळ्यात मोठी मदत कोणत्याही संस्थेने नाही, पेटंट संपण्याने केली. शुगरच्या गोळ्यांपैकी सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. साठ रुपयांची गोळी दहाच्या आत आली. माझं महिन्याचं बिल बघून बायकोने विचारलं, दुकानदार काही द्यायचं विसरला का. तर काका, डॉक्टरांना नुसतं एवढं विचारा की या गोळीची स्वस्त जेनेरिक आली का. जनऔषधीतही बघा.

तर्रीबाज:
बँकर काका तुम्ही परिषदेत भाषण द्यायला पाहिजे, लोक झोपतील पण माहिती घेऊन झोपतील.

बाकी दोन वेळा जेवायचं मंडळ कुठं गेलं? अजून कोणी आलं नाही धाग्यावर, आश्चर्य आहे.

इतवारीवाला:
आलो. करतो मी दीक्षितांचं. दोन वेळा जेवण, मध्ये काही नाही, रोज पाऊण तास चालणं. मूळ कल्पना आपल्या नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, हे पुण्या-मुंबईचे लोक विसरतात. वजन उतरलं, तीन महिन्यांची शुगर उतरली. आणि त्यांचा लोकांचा गट, व्हॉट्सॅपवर एकमेकांना विचारणं, ती खरी संस्था आहे भाऊ. हॉटेल नाही, हार नाही.

सीताबर्डीचा फिजिशियन:
वजन उतरलं की टाइप टू मध्ये शुगर उतरते, त्यात वाद नाही. पण इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असलेल्याने डोस न बदलता दोन जेवणांत नऊ-दहा तासांचं अंतर ठेवलं तर मध्ये शुगर पडू शकते. आधी डॉक्टरशी बोला, मग सुरू करा. टाइप वन आणि लहान मुलांसाठी हे नाहीच, आणि दीक्षित स्वतःही तसंच सांगतात.

इतवारीवाला:
हाव, ते बरोबर आहे. मी मेटफॉर्मिनवर होतो फक्त.

मानेवाड्याची मीनल:
पण गटाचं इतवारीवाले बरोबर म्हणतात. मला सासूबाईंसाठी तेच पाहिजे, कोणीतरी त्यांच्या वयाचं. माझं ऐकत नाहीत त्या. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि आलू, वर म्हणतात उपास आहे, शुगर कशी वाढेल. संत्र्याचं तर विचारूच नका, सीझन आला की आमच्या घरी पेटी येते, आणि त्या रस काढून पितात.

सीताबर्डीचा फिजिशियन:
अख्खं संत्रं एक चालेल, सोलून, फोडींसकट. रसात तीन-चार संत्री जातात आणि चोथा जातो फेकण्यात. संत्रा बर्फीबद्दल विचारू नका, मी उत्तर देणार नाही.

तर्रीबाज:
डॉक्टर मौन म्हणजे होकार.

सक्करदराची शिक्षिका:
उशिरा आले पण लिहिते. माझे वडील एका छोट्या सभेला गेले होते, डॉक्टरांचीच पण लोकांसाठी ठेवलेली, मोजून एक हॉल. भाषण कोणी केलं नाही. एका सिस्टरने सगळ्यांना चप्पल काढायला लावली आणि एका नायलॉनच्या दोऱ्यासारख्या काडीने प्रत्येकाच्या तळव्याला ठिकठिकाणी हात लावला, डोळे मिटून सांगायचं, कळलं की नाही. बाबांना अंगठ्याखाली आणि टाचेला कळतच नव्हतं. आम्हाला घरात कोणाला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. बाबा दर मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जातात, उन्हाळ्यातसुद्धा, अनवाणी. तिथल्या तापलेल्या फरशीवर पाय भाजला असता तरी कळलं नसतं, आणि शुगरवाल्याची जखम लवकर भरत नाही. आता मोजे घालून जातात, पहाटे जातात. रोज रात्री आई आरसा धरून तळवे बघते, त्यावरून दोघांचं भांडण होतं ते वेगळं. मला वाटतं काकांना पाहिजे ते हेच आहे. कोणी पंचतारांकित हॉटेलात गेलं नाही, एक काडी आणि एक सिस्टर.

त्रिमूर्तीनगरचे काका:
शिक्षिकाबाई, अगदी हेच. माझ्या पायाला अशी काडी आजवर कोणी लावली नाही, आणि मी दर तीन महिन्यांनी फी भरतो.

सीताबर्डीचा फिजिशियन:
काका, पाय वर्षातून एकदा तरी तपासलाच पाहिजे, डोळ्याचा पडदा बाहुली मोठी करून, आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रोटीन. पुढच्या भेटीत हे तीन शब्द कागदावर लिहून न्या आणि टेबलावर ठेवा. डॉक्टरला राग आला तर डॉक्टर बदला.

आणि इन्सुलिनवालीचं थोडं मान्य करतो. परिषदेच्या शेवटच्या दिवशी दुपारी लोकांसाठी दोन तास खुले ठेवायला हरकत नाही, स्टॉल बंद ठेवून. तेव्हा तसेही अर्धे डॉक्टर एअरपोर्टला गेलेले असतात, हॉल रिकामाच असतो. पुढच्या वेळी आयोजकांपैकी ओळखीचे असतील त्यांना म्हणून बघतो.

इन्सुलिनवाली:
रिकामा हॉल आम्हाला, भरलेला तुम्हाला. चला, सुरुवात तरी.

निवृत्त बँकर धरमपेठ:
वर्धारोडच्या ताईंसाठी एक गोष्ट, मग गप्प बसतो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याच्या आधी टाइप वन झालेल्या मुलांना उपाशी ठेवणं एवढाच इलाज होता, आणि त्याने फार दिवस मिळत नसत. ज्यांनी शोध लावला त्यांनी पेटंट विद्यापीठाला एका डॉलरला दिलं. १४ नोव्हेंबर हा त्यांच्यातल्या बँटिंगचा वाढदिवस. तुमच्या घरच्यांना सांगा, लपवण्यासारखं यात काही नाही.

वर्धारोडची आई:
खूप आभार सगळ्यांचे. परिपत्रक शोधून प्रिंट काढली, सोमवारी मुख्याध्यापकांना भेटते आहे. इन्सुलिनवाली, तुम्ही म्हणालात ती भेट, म्हणजे तुम्ही टाइप वन वाले जमता का कुठे? मुलाला घेऊन यायचं आहे. त्याला वाटतं नागपुरात एवढ्या इंजेक्शनवाला तो एकटाच आहे.

इन्सुलिनवाली:
ताई, संस्था वगैरे नाही हं आमची, बोर्ड नाही, पावती नाही. पाचसात जण आहोत, कधी कोणाच्या घरी, कधी बागेत. या रविवारी सकाळी आहे, ठिकाण व्यक्तिगत निरोपात पाठवते. एक मुलगा आठवीतला आहे, क्रिकेट खेळतो, खेळायच्या आधी काय खायचं हे तो तुमच्या पोराला माझ्यापेक्षा छान सांगेल. ग्लुकोमीटर आणि बिस्किटं सोबत ठेवा.

त्रिमूर्तीनगरचे काका:
मी टाइप टू आहे, पण आलो तर चालेल का? नुसतं ऐकायला.

इन्सुलिनवाली:
या न काका. एकच अट, आमच्यापैकी कोणालाही कारल्याचा रस, चालणं किंवा लग्न यावर सल्ला द्यायचा नाही.

त्रिमूर्तीनगरचे काका:
चालण्यावर पण नाही?

इन्सुलिनवाली:
नाही.

त्रिमूर्तीनगरचे काका:
बरं. ठिकाण पाठवा.

तर्रीबाज:
नाश्त्याला काय आहे तेही लिहा त्यात.